रोमचं सोनं ओळखताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘हे खरं आहे का हो?’ आणि दुसरा, ‘याचे किती येतील?’ तिसराही एक प्रश्न असतो. ‘हे इथं कसं आलं?’ तो मात्र क्वचितच कोणी विचारतं. मला स्वतःला या तिसऱ्या प्रश्नात रस आहे. पण त्याच्याकडे जाणारी वाट पहिल्या प्रश्नावरूनच जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करू या.

आजचा विषय आहे प्राचीन रोमन साम्राज्याची सोन्याची नाणी आणि ती ओळखायची कशी. रोम कुठं, आपण कुठं, असं तुमच्या मनात येईल. पण भारताच्या जमिनीतून, विशेषतः केरळ, तामिळनाडू आणि आंध्र या भागांतून, रोमन सोन्याची नाणी हंड्याहंड्यांनी निघालेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत. परत जाताना ती मिरी, मोती, मलमल, हस्तिदंत घेऊन जात. मिरीच्या बदल्यात रोमनांकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. थोडी दारू, थोडं पोवळं, काचसामान, आणि मग नाणी. थोरला प्लिनी हा रोमन लेखक इ.स. ७७ च्या सुमारास तक्रार करतो, की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. शंभर सेस्टर्सचं एक सोन्याचं नाणं. म्हणजे पाच लाख सुवर्णनाणी. सगळी रक्कम सोन्यातच चुकती होत असेल असं नाही आणि प्लिनीला बायकांच्या नटण्यामुरडण्याचा राग होता, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी आकडा डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. तेव्हाच्या रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार अशी नऊ नाणी होता.

या नाण्याचं नाव ऑरियस. पुढे चौथ्या शतकात त्याची जागा सॉलिडस नावाच्या हलक्या नाण्याने घेतली. ही दोन नावं आजच्यापुरती पुरेत.

आता समजा, असं एखादं नाणं तुमच्या तळहातावर आलं. पहिली साक्ष देतो तो तळहातच. २०११ च्या मालिकेतलं आपलं एक रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि पावणेचार ग्रॅम वजनाचं होतं. ऑरियस त्याहून लहान, १९-२० मिलिमीटरचा, पण वजन जवळजवळ दुप्पट. दिसायला बारकं आणि हाताला जड, ही विसंगती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला हमखास चकवते. त्याच आकाराचं पितळी नाणं असेल तर ते सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरेल.

तळहातानंतर तराजू. रोमन टांकसाळीचा हिशेब असा असे, की एक रोमन पौंड सोन्यात, म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅममध्ये, किती नाणी पाडायची. ज्युलियस सीझरच्या काळी चाळीस पाडत. म्हणजे नाणं आठ ग्रॅमचं, आपल्या जुन्या मापात सव्वाआठ मासे. नीरोने इ.स. ६४ मध्ये पंचेचाळीस पाडायला सुरुवात केली. नाणं आलं ७.३ ग्रॅमवर, साडेसात मासे. कॅराकॅलाने २१५ मध्ये पन्नास केली. डायोक्लेशनने साठ. आणि कॉन्स्टंटाइनने बहात्तर, तोच साडेचार ग्रॅमचा सॉलिडस. मधे एखाद्या सम्राटाने वजन थोडं वाढवूनही पाहिलं, पण एकूण उतार हाच. म्हणून नीरोच्या आधीच्या सम्राटाचा चेहरा आणि वजन साडेपाच ग्रॅम, असं काही समोर आलं की मी खुर्चीत सावरून बसतो. मधल्या पडझडीच्या काळातली काही नाणी सोडली, तर वजन घटत गेलं तरी सोन्याचा कस मात्र फारसा घसरला नाही. चांदीच्या नाण्यात तांबं मिसळायला रोमन सम्राटांना लाज वाटली नाही. सोन्यात ते धजले नाहीत. चांगलं नाणं नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतं.

कस पाहायचा म्हणून सोनारदादा कसोटीचा दगड काढतात. कृपा करून नाणं दगडावर घासू देऊ नका, कानस तर लांबच राहू दे. त्याऐवजी आर्किमिडीजची युक्ती वापरा. नाणं हवेत तोला, मग दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून तोला. ७.३० ग्रॅमचं सोन्याचं नाणं पाण्यात जेमतेम ०.३८ ग्रॅमने हलकं भरतं. त्याच वजनाचं पितळ ०.८६ ग्रॅमने हलकं भरेल. फरक दुपटीहून अधिक. बारीक तोलकाटा असलेल्या कुठल्याही पेढीवर हे पाच मिनिटांत होतं आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. आता क्ष-किरणांची यंत्रंही आली आहेत. पण ती पृष्ठभागाचंच जास्त सांगतात, म्हणून पाण्याची परीक्षा मला अजून भरवशाची वाटते.

इथपर्यंत येऊन पुष्कळ लोक समाधानाने उठतात. सोनं आहे म्हणजे नाणं खरं. अहो, सोनं आहे एवढंच सिद्ध झालं. चांगल्या रोमन नाण्याला त्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट किंमत येते. मग लबाडी करणाऱ्याने खरं सोनं का वापरू नये? तो वापरतोच.

म्हणून पुढची साक्ष अक्षरांची. नाण्याच्या कडेने लॅटिन अक्षरं फिरलेली असतात. लॅटिन येत नसलं तरी बिचकू नका. ही भाषा म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवरच्या ‘चि.’, ‘सौ. कां.’, ‘श्री.’ यांसारखी असते. ठरावीक लघुरूपं, ठरावीक क्रम. उदाहरणच घेऊ. भारतात पुष्कळ सापडणारा प्रकार टायबेरियसचा. चेहऱ्याभोवती ‘टीआय सीझर दिवी ऑग एफ ऑगस्टस’. म्हणजे टायबेरियस सीझर ऑगस्टस, देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा मुलगा. मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, हातात डहाळी, आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. अक्षरं सलग येतात, दोन शब्दांत मोकळी जागा सोडलेली असेलच असं नाही. आणि ऑगस्टसमधलं ‘यू’ हे अक्षर रोमन नाण्यावर नेहमी ‘व्ही’सारखं टोकदार असतं. गोल बुडाचं ‘यू’ दिसलं की ते नाणं बाजूला ठेवायला हरकत नाही. आमच्या क्षेत्रात एक जुना विनोद आहे. एकाने नाणं आणलं, त्यावर ‘इसवी सनापूर्वी ४४’ असं कोरलेलं होतं.

वर्ष अर्थात असतं, पण वेगळ्या वेषात. सम्राटाला जनतेचा प्रतिनिधी म्हणून एक अधिकार असे आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण होई. नाण्यावर ‘टी आर पी’ किंवा ‘टी आर पॉट’ ही अक्षरं आणि पुढे रोमन आकडा येतो, तो या नूतनीकरणाचा. अँटोनायनस पायसच्या नाण्यावर हा आकडा पंधरा असेल, तर नाणं इ.स. १५१-५२ मधलं. दोन हजार वर्षांमागची वस्तू एका वर्षाच्या चिमटीत पकडता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं. सगळेच सम्राट असे सोयीचे नव्हते. हेड्रियनने ११९ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सलपद घेतलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं नाण्यांवर तेच मिरवलं. तिथं मग चेहऱ्याची ठेवण आणि केसांची वळणं पाहत बसावं लागतं.

चेहऱ्यांचंही शास्त्र आहे. ऑगस्टस शहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वारला, पण नाण्यावर शेवटपर्यंत तरुणच राहिला. नीरो मात्र वर्षागणिक सुटत जातो, मानेचे थर मोजता येतात. व्हेस्पेशियन टकला आणि आडव्या मानेचा, एखाद्या सावकारासारखा दिसतो. भरगच्च दाढीची चाल हेड्रियनपासून पडली. सॉलिडसवर मागच्या बाजूला तळाशी बहुधा ‘कॉनॉब’ अशी अक्षरं असतात. पहिली तीन कॉन्स्टँटिनोपलची. उरलेली दोन शुद्ध सोन्याची ग्वाही देणारी, आणि गंमत म्हणजे ग्रीक अंकलेखनात त्याच दोन अक्षरांचा अर्थ बहात्तर होतो. एका पौंडात बहात्तर.

हे सगळं जमलं तरी बनावटीचा धोका उरतोच. रोमन नाणं ओतीव नसे, ठशावर हातोड्याने ठोकलेलं असे. घावाखाली सोनं बाहेरच्या दिशेने पसरतं, त्याच्या बारीक रेषा भिंगाखाली दिसतात. कड कुठं चिरते, चित्र कुठं एका बाजूला सरकतं. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं आंघोळ झालेल्या साबणाच्या वडीवरल्या नावासारखी मऊ असतात, पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे असतात, आणि नीट पाहिलं तर कडेवर सांधा सापडतो. सगळ्यात पक्का पुरावा मात्र दोन नाणी शेजारी ठेवली की मिळतो. एकाच ठशातून पाडलेल्या दोन नाण्यांवर चित्र एकच असणार, हे ठीक. पण टांकसाळीतून बाहेर पडल्यावर एकाला जो ओरखडा पडला तो दुसऱ्याला, त्याच जागी, त्याच लांबीचा कसा पडेल? तसा दिसला तर दोन्ही एकाच साच्याची, किंवा एक दुसऱ्यावरून ओतलेलं.

बनावट करणाऱ्यांमध्येही कलावंत होऊन गेले. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) हा त्यांचा शिरोमणी. तो ओतकाम करत नसे. पोलादी ठसे स्वतः कोरायचा आणि खऱ्या सोन्यावर ठोकायचा. नवं नाणं फार लखलखीत दिसतं, यावर त्याचा उपाय असा सांगतात, की लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटीत नाणी घालून ती पेटी तो बग्गीच्या खाली बांधायचा आणि भटकून यायचा. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना हवा खायला नेतोय, असं म्हणायचा म्हणे. रस्त्याचे खड्डे दोन तासांत दोन शतकांची झीज करून देत. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि अभ्यासकांना ते उपयोगी पडतात. बेकर स्वतः सुंदर कोरायचा. रोमन कारागीर घाईत असायचा. बेकरचं नाणं ओळखू येतं ते बऱ्याचदा त्याच्या अतिसफाईमुळे.

आणि कधी कधी निकाल लागतच नाही. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात काही विचित्र सोन्याची नाणी निघाली. त्यांपैकी काहींवर स्पॉन्सियन नावाचा सम्राट होता. असा सम्राट इतिहासात कुठंच नोंदलेला नाही. नाणी ओतीव, अक्षरं ओबडधोबड, मागचं चित्र चारशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यावरून उचललेलं. शंभर-दीडशे वर्षं सगळ्यांनी ती बनावट म्हणून सोडून दिली होती. २०२२ मध्ये ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातलं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा घेतलं गेलं. झिजेचे खोल ओरखडे आणि त्यांत घट्ट बसलेली माती पाहून त्या संशोधकांनी ते अस्सल ठरवलं. पुष्कळ नाणकशास्त्रज्ञांना ते अजून पटलेलं नाही. मलाही शंका आहे. झीज हे वापराचं लक्षण असलं तरी बेकरची बग्गी मी विसरू शकत नाही.

याच्या अगदी उलटही होतं. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेलं, दोन खंजिरांच्या चित्राचं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. नाणं अस्सल होतं. पण ते कुठून आलं याचे कागद खोटे निघाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं.

आता मी माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. समजा नाणं सोन्याचं आहे, वजन बरोबर आहे, अक्षरं वाचता येतात, ठोकलेलं आहे. आणि सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा एक सरळ, खोल चिरा आहे. युरोपातला हौशी संग्राहक नाक मुरडेल. नाणं ‘खराब’ झालं. मी मात्र तो चिरा पाहून खूश होतो, कारण बहुतेक वेळा तो सांगतो, की हे नाणं भारतात येऊन गेलेलं आहे.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा साठा मिळाला. त्यातली बहुतेक नाणी अशी चिरलेली होती, आणि तीही नेमकी मस्तकावर. का? एक मत असं, की हे नाणं आता नाणं म्हणून चालायचं नाही, फक्त सोनं म्हणून मोजायचं, हे दाखवण्यासाठी. दुसरं मत, आत तांबं किंवा चांदी भरून वरून सोन्याचा पत्रा चढवलेला नाही ना, हे पाहण्यासाठी. तिसरं, परक्या राजाचं मुख झाकण्यासाठी. मला परीक्षेचं कारण पुरेसं वाटत नाही. नुसता आतला धातू पाहायचा असता, तर कडेवर खाच पाडली असती. नाणं उलटं धरलं काय, सुलटं धरलं काय, परीक्षा तीच. पण इथं माणूस नाणं फिरवून चेहरा वर आणतो आणि मग छिन्नी ठेवतो. त्याला त्या चेहऱ्याशीच काहीतरी देणंघेणं होतं.

दुसरी खूण भोकांची. काही ऑरियस आणि पुष्कळसे सॉलिडस यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर, शेजारी शेजारी दोन भोकं असतात. एकच भोक पाडलं तर नाणं दोऱ्यात गिरकी घेतं. दोन पाडली की सम्राट सरळ, समोर बघत लटकतो. म्हणजे घालणारीला किंवा घालणाऱ्याला चेहरा सरळ हवा होता. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण झाली ना? ती बरोबर आहे. पुतळीचं मूळ व्हेनिस शहराच्या साडेतीन ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्यात, डुकाटात सांगतात. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आपल्या लोकांना राम-सीतेसारखा दिसला आणि तो गळ्यात गेला. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रोमन सम्राटाचं तेच केलं होतं.

तिसरी खूण नकलांची. अस्सल नाणी कमी पडायला लागली तेव्हा इथल्या सोनारांनी स्वतः ठसे कोरले. त्यांना लॅटिन येत नव्हतं, म्हणून अक्षरांच्या जागी उभ्या रेघा, गोल, कोन. सम्राटाचे डोळे मोठे, नाक निराळं. या नकलांना मी बनावट म्हणत नाही. कोणाला फसवायचं असतं तर सोनं एवढं चांगलं घातलं नसतं. एका कारागिराने परदेशी वस्तू समोर ठेवून आपल्या हाताने ती पुन्हा केली, आणि तिच्यात त्याचा हात उतरला. लिलावात यांना दर कमी येतो. मला विचाराल तर ऑगस्टसची अस्सल नाणी जगभर आहेत, हा हात मात्र इथलाच आहे.

महाराष्ट्राचा यात वाटा काय? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तिकेत पैठण, तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आणि कल्याण यांची नावं आहेत. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली तर नफा होतो, असंही तो लिहितो. इतका व्यापार असून सोन्याचे मोठे साठे मात्र दक्षिणेत मिळतात, आपल्याकडे नाही. ते सोनं वितळून दुसऱ्या रूपात गेलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. उत्तरेत कुषाण राजा विम कडफिसेसने जी सोन्याची नाणी पाडली ती आठ ग्रॅमची आहेत, ऑगस्टसच्या ऑरियसच्या जवळची. त्यावर वाद आहेत. पण तेरला एक वेगळीच वस्तू मिळाली आहे. भाजलेल्या मातीच्या, रोमन नाण्यांवरून उठवलेल्या पदकवजा चकत्या. ज्यांना सोन्याचा सम्राट परवडत नव्हता त्यांनी मातीचा घातला. आणि शब्द तर आपल्या घरातच आहे. रोमनांच्या चांदीच्या ‘दिनारियस’वरून संस्कृतात ‘दीनार’ आला. गुप्तांच्या काळातल्या लेखांत तो सोन्याच्या नाण्यासाठी वापरला आहे.

हे सगळं चिऱ्यांत, भोकांत आणि सापडण्याच्या जागेत लिहिलेलं असतं. आणि नेमकं हेच आपण पुसून टाकतो. केरळात कण्णूरजवळ कोट्टयम नावाच्या गावी १८४७ मध्ये एका भांड्यात शेकडो रोमन नाणी सापडली. पाच हमालांची ओझी होती, असं त्या काळच्या नोंदीत आहे. सापडणाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतली, बराच काळ कोणाला पत्ता लागू दिला नाही. सोनं उत्तम कसाचं, त्यामुळे सोनारांनी हौसेने घेतलं आणि मुशीत घातलं. थोडी नाणी हाती लागली तेवढ्यांवरच आज आपण बोलतो. केरळातच वळ्ळुवळ्ळीला १९८३ मध्ये २५२ सुवर्णनाणी मिळाली आणि त्यांची नीट नोंद झाली, म्हणून तिथला साठा अँटोनायनस पायसपर्यंत येऊन थांबतो हे आपल्याला माहीत आहे.

लोक लपवतात का? लोभ हे एक कारण. पण मला कायद्यातही कारण दिसतं. आपल्याकडे गुप्तधनाचा कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश, एवढे पैसे देऊन घेता येते. म्हणजे पहिल्या शतकातलं नाणं आणि कालची वळी, दोन्ही या कायद्याच्या तराजूत सारखीच. शेतकऱ्याने मग वळीच्याच भावाने सोनार गाठला, तर त्याला एकट्याला दोष देऊन काय उपयोग? शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हे बरोबरच आहे. पण देशातल्या देशात सांगणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हेही पाहायला नको का?

या लपवाछपवीवर एक धंदाही पोसला जातो. ‘पाया खणताना हंडा सापडला, सरकारला कळलं तर जाईल, तुम्ही निम्म्या भावात घ्या.’ नमुन्याला दिलेलं नाणं खरोखर सोन्याचं असतं. ते तुम्ही सोनाराकडे नेता, तो मान डोलावतो, आणि मग रात्री रोख रकमेच्या बदल्यात मिळालेली थैली पितळेची निघते. वर्तमानपत्रांत अशा बातम्या वाचतो तेव्हा मला वाटतं, की एवढी वर्षं आम्ही लोकांना सम्राटांची नावं सांगितली, त्याआधी थैलीतलं प्रत्येक नाणं पाण्यात तोलायला सांगायला हवं होतं. माझ्याकडे तर पुष्कळदा पितळी रामटंके येतात, राम दरबाराचे, त्यांवर काहीच्या बाही जुनं साल. आणणारा विचारतो, हे रोमन का? नाव ‘राम’वरून ‘रोम’कडे कधी घसरतं, कळत नाही.

तेव्हा तुमच्या घरात किंवा शेतात खरोखर असं काही मिळालंच, तर एवढं करा. धुऊ नका. लिंबू, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काही नको. सोनं काळवंडत नाही, त्यावर चिकटलेली माती हाच त्याचा पत्ता असतो. भांडं असेल तर भांड्यासकट राहू द्या. जागेचा फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन लिहून ठेवा. मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. पोचपावतीचं मुद्दाम सांगतोय.

इंग्लंडमधली एक गोष्ट सांगतो आणि रजा घेतो. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. धातुशोधक यंत्र बाळगणाऱ्या एका निवृत्त मित्राला त्याने तो शोधायला बोलावलं. यंत्र वाजलं, आणि हातोड्याऐवजी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी वर यायला लागली. त्याने थोडं काढलं, थांबला आणि सरकारी माणसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. जमिनीतली मांडणी शाबूत असल्यामुळे त्यांना कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकार सापडला, आतल्या छोट्या पेट्या कळल्या, त्यांची चांदीची चिमुकली कुलुपं मिळाली, गवत आणि कापड यांत काय काय गुंडाळलं होतं तेही कळलं. नाणी निघाली चौदा हजार आठशेहून अधिक, त्यांत ५६९ सॉलिडस. शेवटची नाणी ४०७-८ सालची, म्हणजे पेटी त्यानंतर पुरली. तिथल्या सरकारने वजनावर भाव न लावता बाजारातली पूर्ण किंमत ठरवली, साडेसतरा लाख पौंड, आणि ती शोधणाऱ्याला दिली. त्याने आपल्या शेतकरी मित्रालाही त्यात वाटा दिला. हरवलेला हातोडाही नंतर मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.